साखरेपुरते पंचामृत

दूध, दही, तूप, मध आणि साखर या पाच जिनसांपैकी चार मला वर्ज्य झाल्यापासून आमच्याकडच्या सत्यनारायणाला आई माझ्या तळहातावर तीर्थाऐवजी चिमूटभर साखर ठेवते आणि "याचं पंचामृत एवढंच," असे गुरुजींना सांगते. मला व्हीगन होऊन दीड वर्ष झाले. या काळात प्राण्यांचे किती भले झाले ते प्राणीच जाणोत. माझी मात्र घरात रोज झडती होते, आणि झडती घेणारी बाई निवृत्त शिक्षिका आहे.

व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ करणाऱ्या संस्थेची आजची व्याख्या प्राण्यांचे शोषण 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितके' टाळायला सांगते, हे मी एकदा भाबडेपणाने आईला वाचून दाखवले. "म्हणजे पळवाट पहिल्याच ओळीत आहे," ती म्हणाली.

पहिला पेच बाबांच्या कोल्हापुरी चपलांचा. बाबा गेले, चपला राहिल्या, आणि त्या नेमक्या माझ्या मापाच्या. घातल्या तर तत्त्व जाते, टाकल्या तर बाबा जातात आणि ते जनावरही फुकट गेल्यासारखे होते, दुसऱ्या कोणाला दिल्या तर आपले पाप त्याच्या पायात. त्यांच्याऐवजी मी घेतलेल्या 'प्राणिमुक्त' चपला निखळ प्लॅस्टिकच्या निघाल्या. त्यांचा तळ तीन महिन्यांत सुटला आणि आता तो कुठल्या तरी नाल्यातून एखाद्या माशाच्या दिशेने निघाला असेल. कोल्हापुरी चपला कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. पावसाळा संपला की आई त्यांना एरंडेल चोळते आणि ते वनस्पतिजन्य असल्याचे मला ऐकू जाईल अशा आवाजात पुटपुटते.

त्यानंतर रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघाले. डॉक्टरांनी लिहून दिलेले डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून तयार होते आणि ज्या मऊ कॅप्सूलमध्ये ते भरतात, ती सहसा जनावरांच्या हाडाकातड्यांतून काढलेल्या जिलेटिनची असते, हे रात्री दोन वाजता वाचून माझी उरलीसुरली झोप उडाली. शैवाकापासून केलेले डी-३ मिळते, मात्र त्याची किंमत वाचून पुन्हा रक्त तपासावेसे वाटते. शैवाक म्हणजे गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद, असे मी सकाळी समजावून सांगत असताना आईने काही न बोलता मसाल्याची बरणी माझ्यापुढे सरकवली.

मला निर्भेळ दिलासा दिला तो फक्त अंजिराने. अंजिराच्या पोटात चिलटाएवढी गांधीलमाशी मरून पडलेली असते, असे एका हितचिंतकाने सांगितल्यावर मी हातातले फळ खाली ठेवले होते. परंतु पुरंदरकडचे आपले अंजीर परागीभवनावाचून धरते, त्याला त्या माशीची गरजच लागत नाही. त्या आनंदात मी एका बैठकीत अकरा अंजिरे खाल्ली. त्याचे परिणाम निराळे.

राहता राहिले डास. संध्याकाळी आई विजेची बॅट घेऊन गॅलरीच्या दारात उभी राहते आणि मी आत डोळे मिटून चटचट आवाज मोजत बसतो. डेंग्यूच्या दिवसांत तिला अडवणे व्यवहार्य नाही, हे व्याख्येत बसते. काल मात्र एक डास तिला चुकवून पडद्यामागे गेला आणि कानाशी गुणगुणू लागला.

"आई," मी डोळे न उघडता म्हणालो, "डावीकडे. जरा वर."