फुकटचा सांबार

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या रविवारी सांबारावरून भांडण झालं. (पुण्यामुंबईच्या लोकांनी इडलीसोबतचा सांबार डोळ्यासमोर आणू नये, आम्ही नागपूरचे लोक कोथिंबिरीला सांबार म्हणतो आणि पुढेही म्हणणार.) झालं असं की वहिनीने फोटो टाकला, ॲपवरून भाजी मागवली, अकरा मिनिटांत आली, वर सांबार फुकट. खाली लिहिलं, "आई उगाच उन्हातान्हात बुधवार बाजारात जातात, हे बघा, तेच आणि त्याच भावात." त्यावर धंतोलीचे मामा, आजकालच्या पोरींना हातपाय हलवायला नको वगैरे. मग चुलत बहिणीने तो फॉरवर्ड टाकला, तुम्हालाही आला असेल, मॉलमध्ये निमूट पैसे देता आणि गरीब भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालता, लाज वाटली पाहिजे. त्याला सतरा अंगठे.

आता बघा, एकीचं म्हणणं भाजीवालीकडे जाऊच नका, दुसरीचं म्हणणं तिला मागेल तितके द्या. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उलट्या, पण दोघींचं एका गोष्टीवर एकमत, की आई चुकते. आणि आई ग्रुपवर आहे, वाचते, उत्तर देत नाही.

मी इथे जर्मनीत, कार्ल्सरूहमध्ये, रविवार म्हणजे सगळं बंद, बाहेर चार डिग्री, मग काय, तीन व्हॉइस नोट टाकल्या, शेवटची साडेचार मिनिटांची. ती कोणी ऐकली नसणार म्हणून इथे लिहितोय.

आधी त्या फुकटच्या सांबाराचं. मे 2024 मध्ये मुंबईतल्या एका माणसाने ट्विटरवर लिहिलं होतं की ॲपवर सांबाराचे वेगळे पैसे लावतात हे बघून त्याच्या आईला धक्काच बसला, भाजीसोबत हा फुकटच यायला पाहिजे. ब्लिंकिट या ॲपच्या तेव्हाच्या प्रमुखांनी ते वाचलं आणि भाजीच्या ऑर्डरवर सांबार फुकट द्यायला सुरुवात केली. लोकांनी काय टाळ्या पिटल्या! अरे, पण ही आयडिया कोणाची? हजारो बायकांनी वर्षानुवर्षं पिशवीचं तोंड उघडं धरून "सांबार टाक न थोडा" म्हणत जो रिवाज पक्का केला, तो कंपनीने उचलला आणि ऑफर म्हणून आपल्यालाच परत दिला. आणि बिलात खाली हँडलिंग चार्ज, ऑर्डर छोटी असली की त्याचा चार्ज, पाऊस आला की पावसाचा चार्ज. माझी आई तर भाजीवालीला पिशवीही स्वतःची देते.

मला खरा राग येतो तो "कंजूस" या शब्दाचा. दादा आईला गमतीत म्हणतो, पण म्हणतो. इथे माझ्या टीममध्ये एक बाई आहे, पगार माझ्या दीडपट, घर स्वतःचं, ती दर सोमवारी लंच टाइममध्ये आल्डी आणि लिडल या स्वस्त सुपरमार्केटांचे प्रॉस्पेक्ट, म्हणजे ऑफरची पत्रकं, शेजारी शेजारी ठेवून बघते की या आठवड्यात बटर कुठे स्वस्त, आणि हे ती कोपऱ्यात बसून नाही, सगळ्यांसमोर करते. शनिवारी रात्री साडेआठला रेवे सुपरमार्केटमध्ये जा, दुसऱ्या दिवशी रविवार, तर लाल स्टिकरच्या फ्रिजसमोर प्रोफेसरसुद्धा उभे असतात, दही, मशरूम, ब्रेड, तीस टक्के कमी. कोणी कोणाकडे वळून बघत नाही. मी तर बाटल्या साठवतो. रिकामी बाटली परत दिली की डिपॉझिट परत मिळतं, प्लास्टिकच्या बाटलीला पंचवीस सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला आठ, महिन्यातून एकदा आयकियाची निळी बॅग भरून मशीनपुढे रांगेत उभा राहतो, चिठ्ठी निघते, ती कासावर, म्हणजे बिलाच्या काउंटरवर देतो, एका मोठ्या खेपेत दुधाचे पैसे निघतात. याला इथे संस्कार म्हणतात. आई दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, किलोभर झाल्या की भंगारवाल्याला देते तेव्हा वहिनी म्हणते बाल्कनीत वास येतो. (येतो. मी पण लहानपणी त्या वासाने वैतागायचो, पण तो मुद्दा नाही.)

आणि आईची जी पद्धत आहे न, ती काही अशीच नाही. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू आला की ती इतवारीच्या बाजारात जाते, लोकवन जातीचाच घेते, दाताखाली दाणा फोडून बघते, मग तो गहू गच्चीवर दोन दिवस वाळतो, आणि कडुनिंबाचा पाला घालून कोठीत जातो. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळते. तांदूळ एचएमटी जातीचा, तोही जुना, म्हणजे फुगतो चांगला आणि कमी लागतो. हा एचएमटी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी स्वतःच्या शेतात निवडून निवडून तयार केलेला, मोठ्या शाळेचं तोंड न बघितलेला माणूस, आणि आज त्याचा तांदूळ अर्धा विदर्भ खातो. मी इथे इंडियन शॉपमधून पाच किलो बासमतीची झिपवाली बॅग आणतो आणि तिच्यात किडा नसतो याचाच मला कधीकधी राग येतो.

आता यात पैसे किती वाचतात? पुष्कळ. आणि ते फक्त घाऊक भावामुळे नाही. 18 जुलै 2022 पासून पाकिटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर, डाळीवर, पिठावर पाच टक्के जीएसटी लागतो, पण सुट्ट्यावर लागत नाही आणि पंचवीस किलोच्या वरच्या पोत्यावरही लागत नाही. आईला हे कोणी सांगितलं नाही, ती त्याच्या चाळीस वर्षं आधीपासून पोतंच आणते. वहिनी पाच-पाच किलोची आट्याची पाकिटं मागवते, म्हणजे दळणाचे पैसे, पाकिटाचे पैसे, आणून द्यायचे पैसे आणि वर टॅक्स. चक्कीवर घरचा गहू दळून आणला तर पोळी पण मऊ राहते, हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, भाऊजी, डबा उचलून चक्कीवर नेणार कोण?

दुसरी गोष्ट, किलोचा भाव. इथे शेल्फवर किमतीच्या खाली बारीक अक्षरात किलोला किती पडतं ते लिहिलेलं असतं आणि मला अकरा वर्षांत तेच वाचायची सवय लागली, वरचा मोठा आकडा मी बघतच नाही. आपल्याकडेही आता पाकिटावर ग्रॅममागे किंमत छापून येते पण ती बघतं कोण, सगळे एमआरपी बघतात आणि त्यावर किती टक्के कमी ते बघतात. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं नाही, आणि दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याचा भाव तोच राहतो, पुडा मात्र दर दोन वर्षांनी आजारातून उठल्यासारखा दिसतो. आईला हे सगळं तोंडी येतं. ती फल्लीदाण्याचं (तुमच्या शेंगदाण्याचं) पाकीट हातात घेऊन, नुसतं जोखून, परत ठेवते.

आणि भाजीचं म्हणाल तर वेळेचं गणित. सकाळी कॉटन मार्केटला माल चांगला पण भाव चढा, रात्री आठनंतर सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात बाजार उठायला लागतो तेव्हा वाटे लागतात, टमाटे, पत्ताकोबी, वांगे, पालकाच्या जुड्या तर मोजतच नाहीत. आई दोन्ही वेळा साधते, आलू-कांदे टिकाऊ म्हणून सकाळी निवडून घेते आणि पालेभाजी रात्री, घरी येऊन टीव्हीसमोर पेपर पसरून तेव्हाच निवडून टाकते. इथे गुटेनबर्गप्लाट्झ या चौकात शनिवारी दुपारी बाजार उठायच्या वेळी मी हेच करतो. एक म्हातारा शेतकरी सफरचंदाचा उरलेला खोका कमी भावात देतो, मी शब्द काढत नाही, नुसता उभा राहतो. तो समजतो. हे मी कुठे शिकलो असेन?

लाइटबिलाचं, कूलरचं मी काही बोलत नाही. इथे हीटर दोनवर ठेवून स्वेटर घालून बसणाऱ्याने पंचेचाळीस डिग्रीत राहणाऱ्याला एसी बंद कर सांगू नये एवढी अक्कल मला आहे. दादाला एकदा सांगितलं होतं. परत नाही सांगणार.

तर एवढं सगळं मी व्हॉइस नोटमध्ये बोललो, थोडं चढ्या आवाजात, आणि अर्ध्या तासाने वहिनीचं उत्तर आलं. तिने लिहिलं, "भाऊजी, मी मिहानहून, ऑफिसातून, सव्वाआठला घरी येते. तुम्ही साडेचारला घरी असता. आईंचे गुडघे तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघता, मी आयोडेक्स लावून देते."

याला काय बोलणार. मी आधी मनातल्या मनात उत्तरं तयार केली, की मीही सुरुवातीला इथे गोदामात रात्रपाळी केली आहे, की इथे धुणं-भांडी-संडास सगळं स्वतः करावं लागतं, की मला मदतीला कोणी मावशी येत नाहीत. सगळं खरं आहे. पण तीस दिवसांची भरपगारी सुट्टी, शनिवार-रविवार मोकळा, घराखाली ट्राम, एवढं असल्यावर माणूस बाजार उठायची वाट बघू शकतो. आईही बघू शकते कारण ती रिटायर आहे. वहिनी कधी बघणार? म्हणजे मी जो हिशोब मांडत होतो की महिन्याला इतके वाचतात, त्यात आईचे तास आणि आईचे गुडघे मी फुकट धरले होते, सांबारासारखे.

तरी मला वाटतं माझा मुद्दा चूक नाही. तो फॉरवर्ड अजूनही डोक्यात जातो. घासाघीस म्हणजे लुबाडणं असं ज्यांना वाटतं त्यांनी आईसोबत एकदा बाजारात जावं. ती वीस मिनिटं बोलते, त्यात भावाचं बोलणं दोन मिनिटं, बाकी तिच्या पोरीला कॉलेजात ॲडमिशन मिळाली का, नवऱ्याचं मोतीबिंदूचं काय झालं. भाव कमी होतो तो या अठरा मिनिटांमुळे.

आता एक सांगतो, जे मी ग्रुपवर सांगितलेलं नाही.

मागच्या डिसेंबरमध्ये मी तीन आठवडे घरी होतो. पहिल्याच बुधवारी आईला म्हटलं तू बस, भाजी मी आणतो. बाजारात गेलो, तोच गोंगाट, तोच ट्यूबलाइटचा उजेड, हिरवा मटर आलेला, तुरीच्या शेंगा, मुंगन्याच्या (शेवग्याच्या) शेंगा, मला इतकं बरं वाटत होतं की मी फोटो काढत होतो. आईच्या नेहमीच्या भाजीवालीकडे गेलो, ओळखून होतो मी तिला, ती मला नाही. मी शुद्ध मराठीत विचारलं, मटर कसे दिले? ती म्हणाली, "साठ रुपये पाव साब, एकदम मीठा है." पाव किलोला साठ. मी म्हटलं चाळीस. तिने माझ्याकडे बघितलं, चिडली नाही, हसली नाही, म्हणाली "आप देख लो." बस. हुज्जत घालायला सुद्धा तिला मी लायक वाटलो नाही. मी साठ दिले. बाकीची भाजी घेतली, तिने दोनशे चाळीस सांगितले, मी दिले, आणि पिशवीचं तोंड उघडं धरून उभा राहिलो. तिला वाटलं सुट्टे परत पाहिजेत.

घरी आलो तर आईने पिशवीत हात घातला आणि विचारलं, सांबार कुठे आहे? मग ती त्याच पावली उठली, मी नको नको म्हणत असताना मला घेऊन परत बाजारात. "काय गं, माझ्या पोराला सांबार नाही टाकला?" ती बाई एकदम ओशाळली, "तुमचा पोरगा हाय का हा? मले वाटलं कोनी बाहेरचा पाहुना हाय," आणि दोन जुड्या काढून दिल्या, वर मूठभर मिरच्या, आणि मटरचे वीस रुपये परत. आई खूश. मी पिशवी धरून शेजारी उभा, एक्केचाळीस वर्षांचा, ओळख पटवून घ्यायला आणलेला.

पुढच्या बुधवारी आईने विचारलं, जातोस का? मी म्हटलं डोकं दुखतंय. आणि आई देवळात गेल्यावर वहिनीच्या फोनवरून, तिच्याच अकाउंटने, मटर, फूलकोबी आणि टमाटे मागवले. पोरगा चौदा मिनिटांत आला, ओटीपी घेतला, मी मराठी आहे की हिंदी की कुठला, त्याने बघितलंही नाही. मला फार बरं वाटलं. आईला सांगितलं बाजारातून आणलं. तिने सांबाराची जुडी बघून "वा" म्हटलं.

रविवारी एवढं सगळं भांडण झालं, पण वहिनी ग्रुपवर यातलं काही बोलली नाही. रात्री वेगळा मेसेज आला, तिचा, फक्त मला. स्क्रीनशॉट होता, जुन्या ऑर्डरचा. मटर अर्धा किलो, फूलकोबी एक, टमाटे एक किलो, आणि शेवटच्या ओळीत सांबार, समोर शून्य रुपये. खाली एक डोळा मारलेली स्मायली.

आज गुरुवार. दोन निळ्या टिका तिला दिसतायत, मला माहीत आहे.