‘डॉक्टर नसताना लेख पाडू नयेत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

थायरॉइडवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी : ‘अँटी-टीपीओच्या आकड्याचा आणि ग्रंथीच्या आकाराचा थेट संबंध नसतो. हाशिमोटोंचं साल चुकलंय. आयोडीनच्या मिठाबद्दल एक अक्षर नाही. डॉक्टर नसताना रिपोर्ट वाचून लेख पाडू नयेत.’ (अँटी-टीपीओ म्हणजे आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटलेल्या अँटीबॉडी, रक्ततपासणीत मोजतात त्या.)

सालाचं तुमचं बरोबर. शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते त्या माझ्या आजाराला ज्यांचं नाव आहे, त्या जपानी डॉक्टर हाशिमोटोंचा निबंध १९१२ चा, मी १९२१ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार. मीठ हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

पण ‘पाडू नयेत’? जिलब्या पाडतात हो. तो लेख लिहायला मला तीन आठवडे लागले, आणि त्याआधी सोळा वर्षं मी रोज पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतेय. लग्नातली ठुशी गळ्याला आवळायला लागली तेव्हा कोथरूडमधल्या एका दवाखान्यात ‘वजन वाढलंय, चालत जा’ एवढंच ऐकवून मला परत पाठवलं. वर्षभर धापा टाकत वेताळ टेकडी चढले. मग कुठे तपासणी झाली, आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युइटरीचं हार्मोन, निघाला ४८, नेहमीच्या कितीतरी पट. माझ्या गळ्याला हात लावून न पाहणारे डॉक्टरच होते. तेव्हा डिग्री मला दाखवू नका.

आणि आकड्यावरून आकार कळतो असं मी लिहिलं कुठे? माझ्या आईचा अँटी-टीपीओही भरपूर वाढलेला, पण सोनोग्राफीत तिची ग्रंथी आक्रसलेली, माझी सुजलेली. आजार एकच. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ग्रंथीत ठाण मांडतात, हार्मोन कमी पडलं की वाढलेला टीएसएच उरलेल्या ग्रंथीला ढोसत राहतो, म्हणून ती फुगते. ग्रंथीच्या पेशी मरून त्यांच्या जागी तंतू माजले की आक्रसते. त्या पेशी मारण्याचं बरंचसं काम टी पेशींचं (त्याही लिम्फोसाइटच), अँटी-टीपीओ ही मुख्यतः त्या हल्ल्याची खूण, हे मलाही ठाऊक आहे.

मात्र अँटीबॉडीचा आकाराशी संबंधच नाही असं सरसकट म्हणणार असाल तर मी मुळीच ऐकणार नाही. टीएसएच ग्रंथीच्या पेशीवर जिथे चिकटून तिला कामाला लावतो, त्या रिसेप्टरवर बसणाऱ्या अँटीबॉडी घ्या. त्यातल्या एका प्रकाराने रिसेप्टर सतत चालू राहतो : ग्रंथी वाढते, हार्मोन उतू जातं, तो ग्रेव्हज नावाचा आजार. दुसरा प्रकार तोच रिसेप्टर अडवून धरतो : हार्मोन घटतं, ग्रंथी बारीक होत जाते. ग्रेव्हजसाठी ग्रंथी काढून टाकलेल्या बाईच्या रक्तातही या अँटीबॉडी राहू शकतात, वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याचा थायरॉइड बेफाम चालवू शकतात. याहून थेट संबंध कोणता हवा तुम्हाला?

याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, फक्त नाव घालून लिहा. मी माझ्या नावाने लिहिते.