‘लिनक्सवर इंटर्नल मोडेम कधीच चालला नाही’ हे म्हणणं कुठे चुकतं

जुन्या संगणकांचा विषय निघाला की हा मजकूर कुणीतरी पुढे पाठवतंच: "लिनक्सवर इंटर्नल मोडेम कधीच चालला नाही. लिनक्सवाल्यांना ड्रायव्हर लिहायची इच्छाच नव्हती. कुणी चालवलाच तर १४.४ च्या वर वेग नाही, आणि आपल्याकडच्या फोनवर तर ‘नो डायलटोन’ ठरलेलंच. एक्स्टर्नल घ्या, लावला की चालतो." (मोडेम म्हणजे संगणकाला फोनलाइनवरून इंटरनेटशी जोडणारं उपकरण: इंटर्नल डब्याच्या आत कार्ड म्हणून बसतो, एक्स्टर्नल बाहेर. ड्रायव्हर म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्राम, आणि वेगाचे आकडे सेकंदाला किती किलोबिट याचे.) हे वाचून लोक माळ्यावरची चांगली कार्डं भंगारात देतात. शिवाय ज्यांनी फुकट राबून हे मोडेम चालते केले, त्यांच्याच माथी दोष येतो. मला दोन्ही गोष्टी खटकतात, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

"कधीच चालला नाही." आयएसए स्लॉटमधले (कार्ड बसवायची जुन्या पद्धतीची खाच) बहुतेक जुने इंटर्नल मोडेम हे पूर्ण मोडेम होते. कार्डावर सीरियल पोर्टची (माउस किंवा मोडेम जोडायचं जुनं तोंड) स्वतःची चिप असायची, त्यामुळे संगणकाला ते कार्ड म्हणजे आणखी एक सीरियल पोर्ट वाटायचं. वेगळा ड्रायव्हर लागतच नव्हता, कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, नेहमीचा सीरियल ड्रायव्हर पुरायचा. अडचण यायची ती आयआरक्यूची, म्हणजे कार्ड ज्या क्रमांकाने प्रोसेसरला हाक मारतं त्याची. कॉम १ आणि कॉम ३ (पहिला आणि तिसरा सीरियल पोर्ट) या दोघांचाही ठरलेला आयआरक्यू ४. कॉम १ वर माउस आणि कॉम ३ वर मोडेम अशी जोडी जमली की दोघांपैकी एक गप्प बसायचा. उपाय सोपा होता: जंपर (कार्डावरच्या पिनांवर बसणारं छोटं टोपण) बदलून कार्ड आयआरक्यू ५ वर न्यायचं आणि ‘सेटसीरियल’ या आज्ञेने लिनक्सला तसं कळवायचं. जंपर नसलेल्या प्लग-अँड-प्ले कार्डांसाठी वेगळी साधनं होती, आणि २.४ मालिकेत ते काम कर्नलच करू लागला. नंतरच्या पीसीआय स्लॉटमध्येही असे पूर्ण मोडेम मिळत. यूएस रोबोटिक्सचा ५६१० हा त्यातला नावाजलेला. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने दिसणाऱ्या कार्डांच्या यादीत १२बी९:१००८ हा क्रमांक दिसला तर ते कार्ड सीरियल ड्रायव्हरवर थेट चालतं.

अडले ते वेगळे मोडेम, आणि ते वेगळे का होते हे समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. मोडेमची तीन कामं असतात. फोनलाइनशी विद्युत जोडणी करणं हे पहिलं. आवाजातून आकडे काढणं आणि आकड्यांचा आवाज करणं हे दुसरं. एटी आज्ञा (‘नंबर फिरव’, ‘फोन ठेव’ अशा मोडेमला दिलेल्या सूचना) पाळणं, चुका दुरुस्त करणं, डेटा दाबून छोटा करणं हे तिसरं. पेंटियमच्या जमान्यात प्रोसेसरमध्ये ताकद शिल्लक राहू लागली, तेव्हा कंपन्यांनी खर्च वाचवण्यासाठी तिसरं काम कार्डावरून काढून विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये टाकलं. काहींनी दुसरंही काढलं. मग कार्डावर उरली फक्त लाइनची जोडणी आणि आवाजाचे आकडे करणारी एक चिप. ‘विनमोडेम’ हे मुळात यूएस रोबोटिक्सचं व्यापारी नाव, पुढे या सगळ्या जातीला तेच चिकटलं. अशा कार्डावर लिनक्स एटी आज्ञा पाठवणार तरी कुणाला? ऐकणारं तिथे कुणी नव्हतंच. म्हणजे मोडेम डब्याच्या आत आहे की बाहेर, हा मुद्दा कधीच नव्हता. मोडेमचा मेंदू कार्डावर आहे की ड्रायव्हरमध्ये, एवढंच पाहायचं होतं.

"ड्रायव्हर लिहायची इच्छाच नव्हती." सगळ्या मजकुरातलं हे सर्वांत अन्यायाचं वाक्य आहे. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहिणारा चिपच्या रजिस्टरांशी बोलतो, बाकीचं काम चिप करते. सॉफ्टमोडेमचा, म्हणजे मेंदू ड्रायव्हरमध्ये असलेल्या मोडेमचा, ड्रायव्हर लिहिणं म्हणजे अख्खा मोडेमच लिहिणं. आपल्याच आवाजाचा लाइनवरून परतणारा प्रतिध्वनी वजा करायचा, तारेने बिघडवलेला सिग्नल सरळ करायचा, समोरच्या मोडेमशी वेगाची बोलणी करायची, आणि हे सगळं एका क्षणाचाही खंड न पडता, कारण नमुने उशिरा पोहोचले की फोन तुटतो. व्ही.३४ आणि व्ही.९० ही वेगवान मोडेमची मानकं छापील मिळत होती, पण त्यातल्या तंत्रांवर पेटंटं होती आणि चिपची कागदपत्रं कंपन्या देत नव्हत्या.

तरीही लोक भिडले. पुढे एफएफएमपेग (व्हिडिओ हाताळणारा) आणि क्यूईएमयू (एका संगणकात दुसरा चालवणारा) हे प्रोग्राम ज्याच्या नावावर जमा झाले, त्या फाब्रिस बेलार याने ‘लिनमोडेम’ नावाने पूर्ण सॉफ्टवेअरमधला मुक्त मोडेम लिहायला घेतला होता. जुनी, कमी वेगाची मानकं त्यात उतरली, व्ही.३४ चं काम अर्धवट राहिलं. एवढ्या ताकदीच्या माणसाचंही जे काम अर्धवट राहतं, ते बाकीच्यांनी आळसापायी केलं नाही असं म्हणणं मला पटत नाही.

कागदपत्रं किंवा कोडचा तुकडा जिथे जिथे मिळाला, तिथे मोडेम चालले. लूसंट कंपनीच्या चिपसाठी एक बंद ऑब्जेक्ट फाइल (चालते, पण आतला कोड दिसत नाही अशी) मिळाली. तिच्याभोवती स्वयंसेवकांनी उघडं वेष्टण लिहिलं, आणि ते कर्नलच्या आवृत्त्यांमागून वर्षानुवर्षं दुरुस्त करत नेलं. थिंकपॅड ६०० या लॅपटॉपमधल्या एमवेव्ह मोडेमचा ड्रायव्हर आयबीएमने खुला केला आणि तो सरळ कर्नलमध्ये गेला. स्मार्टलिंकच्या मोडेमची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अनेक लॅपटॉपमधला मोडेम साउंड चिपचाच भाऊबंद असायचा. तेव्हा लिनक्समधला आवाज सांभाळणाऱ्या अल्सा प्रकल्पाच्या लोकांनी इंटेलच्या त्या मोडेम भागासाठी मुक्त ड्रायव्हर लिहिला, आणि आवाजाचे नमुने त्यातून घेऊन ‘एसएलमोडेमडी’ हा प्रोग्राम वरचं सगळं गणित करू लागला. गणिताचा गाभा बंदच होता, पण कर्नलच्या आत बंद काही राहिलं नाही. कोणता मोडेम कोणत्या जातीचा हे शोधून देणारी ‘स्कॅनमोडेम’ ही स्क्रिप्टही स्वयंसेवकांचीच. तिचा निकाल घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसाला ते वर्षानुवर्षं उत्तरं देत राहिले.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. हे सगळं सुखाचं नव्हतं. कर्नल बदलला की मोड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा) पुन्हा बांधावा लागे, त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइली हव्यात, आणि त्या उतरवायला इंटरनेट हवं, जे त्याच मोडेमवरून यायचं. स्मार्टलिंकचा बंद गाभा ३२ बिटांचा, म्हणून ६४ बिटांच्या यंत्रांवर नवा त्रास. पण हे त्रास कुठून आले ते पाहा. जो भाग उघडा होता तो दुरुस्त करता आला, जो बंद होता तिथेच गाडी अडली. २००४ मध्ये तर एका मोडेम ड्रायव्हरच्या परवान्याच्या ओळीत ‘जीपीएल’ (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) या अक्षरांनंतर शून्य बाइट घालून कर्नलची चेतावणी टाळल्याचं उघडकीला आलं: कर्नल ती ओळ शून्य बाइटपर्यंतच वाचतो, म्हणून बंद ड्रायव्हर त्याला मुक्त वाटायचा. तो ड्रायव्हर लिनक्सअँट या कंपनीचा होता. कर्नलचे लोक त्यावर संतापले ते याच कारणाने, की आत काय आहे हे न दिसणाऱ्या कोडचे दोष त्यांच्या दारात येऊन पडत होते.

"१४.४ च्या वर वेग नाही." हा आकडा खरा आहे, पण तो फक्त त्याच लिनक्सअँटच्या ड्रायव्हरच्या फुकट आवृत्तीचा. तो कोनेक्झंटच्या चिपसाठी होता. पैसे भरून परवाना घेतला की पूर्ण वेग आणि फॅक्स दोन्ही मिळत. लूसंट, स्मार्टलिंक आणि पूर्ण मोडेम यांना अशी मर्यादा नव्हतीच. आणि ५६ हा आकडाही प्रत्यक्षात फारसा कुणाला मिळाला नाही: अमेरिकेतही लाइनवरच्या सिग्नलच्या ताकदीवर असलेल्या मर्यादेमुळे ५३.३ हीच कमाल होती, तर व्ही.९० मध्ये आपल्याकडून पाठवायचा वेग जास्तीत जास्त ३३.६.

"आपल्याकडच्या फोनवर नो डायलटोन." इथे तक्रार खरी आहे, पण निदान चुकलं आहे. अमेरिकेतला डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन सुरांचा. आपला ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ हर्ट्झचा कंप. म्हणून आपला डायलटोन घरघरल्यासारखा ऐकू येतो. अमेरिकेसाठी बसवलेला मोडेम हा सूर ओळखेलच असं नाही. ओळखला नाही की तो नंबर न फिरवताच ‘नो डायलटोन’ सांगून मोकळा होतो. यावर एटीएक्स३ ही आज्ञा आहे: डायलटोनची वाट न पाहता नंबर फिरव. ‘डब्ल्यूव्हीडायल’ या फोन लावणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत इनिटच्या (सुरुवातीच्या आज्ञांच्या) ओळीला एक्स३ जोडलं की काम झालं. ‘एसएलमोडेमडी’ला सुरू करतानाच देश सांगता येतो. विंडोजच्या मोडेम खिडकीतही ‘डायल करण्याआधी डायलटोनची वाट पाहा’ अशी चौकट होती, आणि तिथली बरोबरची खूण काढली की तोच परिणाम व्हायचा. ही अडचण लिनक्सची असती तर विंडोजमध्ये ती चौकट कशाला लागली असती?

"एक्स्टर्नल घ्या, लावला की चालतो." सीरियल केबलचा एक्स्टर्नल असेल तर हो, निश्चिंत घ्या. यूएसबीचा असेल तर थांबा, कारण विनमोडेमची जात यूएसबीतही आहे. यूएस रोबोटिक्सचा ५६३७ यूएसबी असूनही पूर्ण मोडेम आहे. तो लावला की कर्नल त्याला टीटीवाय-एसीएम-शून्य हे नाव देतो आणि ‘डब्ल्यूव्हीडायल’ लगेच कामाला लागतं. दुसरा एखादा बाहेरून अगदी तसाच दिसेल आणि आत काहीच नसेल. जुनं खोकं हाती असेल तर त्यावरच्या अटी वाचा. ‘अमुक वेगाचा पेंटियम आणि विंडोज आवश्यक’ असं असेल तर मेंदू बहुधा ड्रायव्हरमध्ये आहे. डॉसवर (विंडोजआधीची प्रणाली) चालतो असं लिहिलं असेल तर तो मोडेम, आतला असो वा बाहेरचा, बहुतेक करून लिनक्सवरही चालेल.