साउरा, फ्रांको आणि व्हेनिस : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्पेनच्या अंतोनियो साउराला मी माझ्या लेखात ‘फ्रांकोविरोधी चित्रकार’ म्हटलं, पण १९५८ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तो स्पेनचा हुकूमशहा फ्रांको याच्याच सरकारच्या दालनात होता. शिवाय त्याने रंगवलेल्या बायका म्हणजे न्यूयॉर्कच्या चित्रकार डी कूनिंगची नक्कल.

व्हेनिसचं खरं आहे, आणि लेखात ते गाळलं ही चूक माझीच. त्या दालनात चित्रकार तापिएस आणि शिल्पकार चियीदा हे स्पॅनिश कलावंतही होते. राजवटीला ते हवंच होतं. १९५३ मध्ये अमेरिकेला लष्करी तळ देऊन झाले होते, आता आपण किती आधुनिक आहोत ते जगाला दाखवायचं होतं. असल्या अमूर्त वळणाच्या चित्रांत घोषणा नसतात, म्हणून ती मिरवायला सोयीची.

पण भिंत कोणाची होती, एवढ्यावरून चित्राचा निकाल लावू नका. सोळाव्या शतकातला स्पेनचा राजा फेलिपे दुसरा हा त्या राजवटीचा लाडका. साम्राज्य, धर्मनिष्ठा, एस्कोरियालचा राजवाडा, सगळं त्याच्या नावावर. साउराने नेमकी त्याचीच ‘काल्पनिक व्यक्तिचित्रं’ पुन्हा पुन्हा काढली. काळा पोशाख, पांढरी गळपट्टी आणि वर चेहऱ्याच्या जागी विस्कटलेलं, फाटलेलं काहीतरी. आदरणीय पूर्वजाचं हे असं चित्र घरात कोण लावील?

आता नक्कल. तेराव्या वर्षी क्षय झाला, पाचेक वर्षं हा मुलगा अंथरुणाला खिळून होता, आणि तिथेच चित्रं काढू लागला. चित्रशाळेत गेलाच नाही. जे शिकला ते पाहून पाहून, तेव्हा डी कूनिंगचा प्रभाव मी नाकारणार नाही. पण डी कूनिंगच्या बायकांत गुलाबी मांस आहे, पिवळा आहे. साउराने १९५९ मध्ये काढलेलं फ्रेंच नटीचं चित्र ‘ब्रिजित बार्दो’ बघा, काळा, पांढरा, करडा, संपलं. (मीही ते छापीलच पाहिलं आहे, ते जिथे आहे त्या स्पेनमधल्या क्वेंकाच्या संग्रहालयात जाणं अजून जमलेलं नाही.) हा काळोख न्यूयॉर्कचा नाही, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातला आहे. लहानपणी तिथे जुना स्पॅनिश चित्रकार वेलास्केथ याचा क्रूसावरचा ख्रिस्त पाहून तो घाबरला होता. पुढे त्याने क्रूसारोहणाची मालिकाच केली, आणि त्याच्या मते तिथे खिळलेला होता तो देव नव्हे, माणूस.

बायकांची चित्रं क्रूर वाटतात, हे मात्र तुम्ही लिहिलं नसलं तरी मलाच खुपतं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

राहिला राजवटीशी जुळवून घेण्याचा आरोप. १९६५ मध्ये क्वेंकात त्याने स्वतःची शंभरेक चित्रं जाळली. १९६७ मध्ये तो पॅरिसला कायमचा राहायला गेला, आणि तिथून फ्रांकोच्या विरोधकांत उघड सामील झाला. म्हणजे १९५८चा साउरा आणि १९६७चा साउरा यांत नऊ वर्षांचं अंतर आहे, आणि मी दोघांना एकाच विशेषणात कोंबलं. ‘फ्रांकोविरोधी’ हा शब्द मूळ लेखाच्या पहिल्या परिच्छेदातून काढते आहे. व्हेनिसची हकिगत तिथेच जोडते.