"किती गोड माणूस आहे" हे माझ्यासमोर परत बोलू नका

काल परत तेच. आत्याने फॅमिली ग्रुपवर त्या फेमस विनोदी नटाचा व्हिडिओ टाकला, कुठल्यातरी वृद्धाश्रमात एका आजींच्या पायाशी बसलाय, आणि खाली आत्याचं "एवढा मोठा झाला पण पाय जमिनीवर हो". मागोमाग बारा जणांचे हात जोडलेले. मी फोन उलटा टाकला आणि भाजी चिरायला घेतली, पण रागाने हात थरथरत होते अक्षरशः.

माझा मामा त्याच्याच नाटकाच्या कपडेपटात आहे. १९७८ ला ठाण्यात गडकरी रंगायतन सुरू झालं तेव्हा तो शाळेत होता, आता साठीला आलाय. इस्त्री, बटणं, धोतर नेसवणं, दोन प्रवेशांच्या मधे विंगेतल्या अंधारात मिनिटभरात माणसाचा अख्खा ड्रेस बदलून देणं, हे त्याचं काम. पगार वगैरे काही नाही, नाईट मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर घरी बसा. २०२० च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा हाच मामा नौपाड्यात घरोघरचे कपडे इस्त्रीला आणायचा, पण कधी कोणाकडे हात पसरला नाही.

तर मागच्या महिन्यातला रविवार, गडकरीला दुपारचा प्रयोग, हाऊसफुल्ल. मामाला शुगर आहे आणि तो डबा घरीच विसरला म्हणून मी द्यायला गेले. दुसरी घंटा झाली होती. या साहेबांच्या कुर्त्याचं एक बटण तुटलेलं निघालं, जे आदल्या प्रयोगात त्यांनीच ओढून तोडलं होतं आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. त्याने कुर्ता काढला आणि सरळ मामाच्या तोंडावर फेकला. ए म्हाताऱ्या, डोळे फुटले का तुझे, फुकटची नाईट खातोस. मेकअपवाले, माईक लावणारा पोरगा, चहावाला, सगळ्यांसमोर. आणि वर मॅनेजरला ओरडून, याचे आजचे पैसे कापा.

मामा काहीच बोलला नाही. सुई काढली, दोरा ओवायला गेला तर ओवला जाईना, हात एवढा कापत होता. मी ओवून दिला.

तिसरी घंटा झाली, पडदा गेला, तो लाईटमध्ये गेला आणि चेहरा बदलला त्याचा, म्हणजे मी डोळ्यांनी बघितलं विंगेतून, एका सेकंदात. त्याचा तो फेमस भाग आहे ना, आई दुसऱ्यांची धुणीभांडी करायची, तिच्या हाताच्या भेगा, कष्टाच्या हातांसमोर मान झुकवा वगैरे, त्यावर लोकं रडत होती हो, उभं राहून टाळ्या. आणि मी दोन हातांवर उभी, मामा खाली ट्रंकेत कपडे लावतोय, बोटाला सुई टोचून रक्त आलेलं. नंतर बाहेर सेल्फीला रांग, कोणाचं तरी बाळ कडेवर घेऊन फोटो. मामाची अर्धी नाईट खरंच कापली त्या दिवशी.

घरी सांगितलं तर आई म्हणते, कलाकार माणसं मूडी असतात गं. मग हा मूड चॅनलवाल्यांसमोर कुठे जातो? तिथे तर दोन तास ताटकळत ठेवलं तरी "नो प्रॉब्लेम सर" चालू असतं! मूड बरोबर फक्त नाईटवाल्यांवर निघतो, चहावाल्यावर, ड्रायव्हरवर, जो उलटून बोलूच शकत नाही त्याच्यावर, म्हणजे तो मूड नाहीच, तो हिशोब आहे.

आणि हे इथलंच नाहीये. अमेरिकेत ती एलन डीजेनेरस, कॉमेडियन, रोज शो संपताना सांगायची एकमेकांशी प्रेमाने वागा. २०२० मध्ये तिच्याच शोमधले लोक बोलायला लागले की पडद्यामागे वातावरण भयंकर आहे, तीन मोठे प्रोड्यूसर काढावे लागले, तिला शोमध्ये माफी मागावी लागली, २०२२ ला शो बंद. तिथलाच कॉमेडियन बिल कॉस्बी, टीव्ही मालिकेत प्रेमळ बाबा झालेला, त्याचं प्रकरण तर फारच भयानक, तो गंभीर गुन्ह्याचा विषय, त्याची याच्याशी तुलना करत नाहीये. पन्नासहून जास्त बायकांनी आरोप केले, २०१८ ला दोषी ठरला, २०२१ ला वरच्या कोर्टाने कायदेशीर प्रक्रियेच्या मुद्द्यावर शिक्षा रद्द केली. पण तिथेही लोकांचं पहिलं वाक्य हेच, की टीव्हीवरचा आमचा लाडका बाबा असं करूच शकत नाही. अरे टीव्हीवरचा बाबा लेखकांनी लिहिलेला असतो!

कामावर प्रेम करा की, कोण नाही म्हणतंय. त्याचं टायमिंग जबरदस्त आहे, मीही पोट धरून हसलेय आधी. पण दोन तास हसवलं म्हणून माणूस चांगला हे सर्टिफिकेट कशाच्या जोरावर देता तुम्ही? त्याच्याकडे एक दिवस काम केलंय का कोणी? आणि जो काम करतो त्याने तोंड उघडलं की तोच खोटा, जळका, पैशासाठी बोलतोय.

ग्रुपवर मी सगळं टाईप केलं होतं, नावासकट. त्याआधी मामाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, बाळा नको, सीझन चालू आहे, माझे बारा प्रयोग आहेत त्याच्याबरोबर. मी सगळं डिलीट केलं.

शनिवारी वाशीला भावे नाट्यगृहात प्रयोग आहे. मामा जाणारे, या वेळी जास्तीची बटणं आणि आधीच दोरा ओवलेल्या चार सुया घेऊन. आत्यानेही तिकिटं काढलीत, तिसऱ्या रांगेतली.