अपलोड चालू आहे, वायफायला हात लावू नका

घरातलं इंटरनेट रडतखडत चालत असेल, तर व्हिडिओ फोर-केमध्येच काढा. बाळाचं पहिलं पाऊल कमी पिक्सेलमध्ये टिपलंत तर मोठेपणी ते जाब विचारेल. पाऊल तीन सेकंदांचं, पण त्याआधी ते सोफा धरून नुसतं उभं आहे ती तीनेक मिनिटं अजिबात कापू नका. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 2005 साली आला तो अवघा 19 सेकंदांचा होता. त्यांची हौसच तेवढी. सेकंदाला 60 फ्रेमने काढलंत तर मिनिटाला 400 एमबी सहज भरतात. म्हणजे तुमची फाइल छान गुटगुटीत, एक जीबीच्या पुढे.

आता लावा अपलोडला. जाहिरातीतला वेग बघून हुरळून जा; तो डाउनलोडचा असतो हे विसरायचं. जुन्या तांब्याच्या तारेवर अपलोडच्या वाट्याला कधीकधी 1 एमबीपीएससुद्धा मुश्किलीने येतो. शिवाय वेग मोजतात बिटमध्ये, फाइल बाइटमध्ये. एका बाइटात आठ बिट; आठाचा हा फरक धरला की एका जीबीला सव्वादोन तास लागतात, तेही सगळं सुरळीत झालं तर. 97 टक्क्यांवर अडकलं की पान रिफ्रेश करा. पुन्हा शून्यापासून.

तेवढ्यात घरात कुणी ऑनलाइन मीटिंगला बसलं तर सोन्याहून पिवळं. 'तुमचा आवाज तुटतोय' असं त्यांना पलीकडून ऐकू येईल, कारण त्यांचा आवाज तुमच्या बाळामागे रांगेत उभा आहे. साधं पानही कुणाकडे उघडणार नाही. आलेल्या डेटाची पोच परत पाठवावी लागते आणि ती जाते त्याच रांगेतून. हे समजावत बसू नका, मुकाट्याने राउटर बंद करून चालू करा. (अपलोडचं काय झालं ते नंतर बघू.) रात्री सगळे झोपल्यावर लावावं, असं काही शहाणे सुचवतात. मग घरातल्यांना तुमचे कष्ट दिसणार कसे?

शेवटी लिंक जाते. पाहणाऱ्यांचं इंटरनेट तुमच्यासारखंच, त्यामुळे प्लेयर आपणहून 144पीवर उतरतो. 2160 ओळींनी निघालेलं बाळ 144 ओळींत पोचतं. सोफा कोणता आणि बाळ कोणतं, हे आजीने अंदाजाने ठरवावं. पाहणाऱ्यांनी पॉज करून व्हिडिओ 'भरायची' वाट जरूर बघावी. हल्लीचे बरेच प्लेयर थोडं पुढचं भरून थांबतात, पण आशा सोडू नये. आणि 'किती गोड!' हे लिंक उघडण्याआधीच लिहून टाकावं.