सर्व्हिस चार्ज जातो कुठे?

गोव्यात कळंगुट असो की पाळोळे, बऱ्याच हॉटेलांच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात 10 टक्के सर्व्हिस चार्ज असतोच. 2,000च्या जेवणावर 200, त्या 200वरही 5 टक्के जीएसटी, म्हणजे 210 रुपये जास्तीचे. अहो, हा आकार परस्पर लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022मध्येच सांगितलंय. मार्च 2025मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. काढायला सांगितलं की मॅनेजर नाक मुरडतो. मुरडू दे. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन लावा.

वर म्हणे, "वाढणाऱ्या पोरांच्या पोटावर पाय येतो!" इथे डोकंच फिरतं. त्यातलं पोरांना किती मिळतं, ते लिहिलंय कुठे? कित्येक ठिकाणी फुटलेले ग्लासही त्यातूनच वळते करतात. काउंटरवरच्या क्यूआरवर टिप दिली, तर ती आधी मालकाच्याच खात्यात. द्यायचीच तर रोख द्या, वाढणाऱ्याच्या हातात. भांडी घासणाऱ्याला वाटा मिळतो का, तेही विचारा.

शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात, तर पावसाळ्यात कामच बंद. मालकांनो, हंगामात पोरांना बारा-बारा तास राबवता, मग ओव्हरटाइम दुप्पट दराने द्या ना! कायदाच आहे तो. डिसेंबरात मासळीच्या थाळीचे दर चढवताना बरा हात आखडत नाही.